चेन घेताना तीन गुण जुळवा

शेतातली तूर निघाली, गहू-हरभरा घरात आला, की आमच्या वाशिम जिल्ह्यात झाडतोडीच्या मशिनीचा आवाज सुरू होतो. कुणाला धुऱ्यावरची बाभूळ काढायची असते, कुणाला वादळात पडलेला लिंब कापून घरी आणायचा असतो. मंगरूळपीर, कारंजा भागात डिंक्या रोगाने वाळलेली जुनी संत्र्याची बाग मोडायची असते. मृगाच्या आत हे सगळे आटोपले पाहिजे, म्हणून प्रत्येकाला घाई. माझे दुरुस्तीचे दुकान याच रस्त्यावर आहे. स्प्रेपंप, पाण्याचे इंजिन आणि या चेन सॉ, म्हणजे आपल्या बोलीतली ‘कटर मशीन’, यांची दुरुस्ती मी गेली अनेक वर्षे करतो. उन्हाळ्यात सकाळी दुकान उघडायच्या आधी ओट्यावर दोन-तीन मशिनी ठेवलेल्या असतात आणि मालकाचे गाऱ्हाणे ठरलेले असते. ‘भाऊ, मशीन तर चालू होते, पन लाकूड काई कापत नाई.’

बहुतेक वेळा इंजिनात काही दोष नसतो. दोष असतो पुढच्या पट्टीत आणि चेनमध्ये. इंजिन दहा-पंधरा वर्षे चालते. पट्टी आणि चेन मात्र झिजण्यासाठीच असतात, जशी नांगराची फाळ. फाळ बदलताना शेतकरी नांगर कोणता आहे ते पाहतो. चेन बदलताना मात्र ‘अठरा इंची द्या’ एवढेच सांगतो. हे एवढे सांगणे पुरेसे का नाही, ते आज सांगायचे आहे. ते मला कसे कळले, तेही सांगणार आहे, कारण त्यात चूक माझी होती.

आधी ही चेन आली कुठून ते पाहू. जुन्या काळी यंत्राच्या करवतीचे दात हातकरवतीसारखेच असत. ते लाकूड खरवडत, लवकर बोथट होत आणि कानस लावता लावता माणूस थकून जाई. अमेरिकेच्या ओरेगॉन भागात जोसेफ कॉक्स नावाचा एक लाकूडतोड्या होता. १९४६ साली सरपण फोडताना एका बुंध्यात त्याला खोडकिड्याच्या अळ्या दिसल्या. संत्र्याच्या आणि आंब्याच्या खोडात भोक पाडून भुसा बाहेर टाकणारी अळी आपल्यालाही चांगली ठाऊक आहे, आपण तिचा रागच करतो. कॉक्स मात्र तिच्याकडे बघत बसला. ही अळी लाकडाच्या उभ्या शिरेतून जाते, आडव्या शिरेतूनही तितक्याच सहज जाते. कशी? तिच्या तोंडाला डावीकडे आणि उजवीकडे असे दोन वाकडे जबडे असतात आणि ती आलटून पालटून दोन्ही बाजूंनी कुरतडते. कॉक्सने तसाच वाकडा दात पोलादात घडवला, एक डावा, एक उजवा, आणि १९४७ साली पोर्टलंड शहरातल्या आपल्या घराच्या तळघरातून अशा चेन विकायला सुरुवात केली. आज वाशिमच्या बाजारात मिळणारी चेन कोणत्याही देशात बनलेली असो, तिचा दात त्या अळीच्या जबड्यावरूनच आलेला आहे.

आता चेन हातात घ्या. तिच्यात तीन तऱ्हेच्या कड्या दिसतील. वर दात असलेली कडी, दोन्ही बाजूंना जोडणारी साधी कडी, आणि खाली शेपटीसारखे टोक असलेली मधली कडी. ही मधली कडी पट्टीच्या खाचेतून धावते आणि मागच्या गरारीच्या दात्यांत अडकून चेन ओढते. तिला आपण ‘ओढकडी’ म्हणू. चेन निवडण्याचे सगळे रहस्य या ओढकडीत आहे. लग्न जुळवताना छत्तीस गुण पाहतात. इथे तीनच पाहायचे आहेत. पण तिन्ही जुळले पाहिजेत, दोनावर भागत नाही.

पहिला गुण म्हणजे पिच, साध्या भाषेत चेनची चाल. चेनवर लागोपाठ तीन रिबिटा घ्या. पहिल्या रिबिटीच्या मध्यापासून तिसरीच्या मध्यापर्यंतचे अंतर मोजा आणि त्याचे निम्मे करा, तो पिच. दोनच रिबिटांतले अंतर मोजू नका, कारण ते एकाआड एक कमी-जास्त असते. आपल्याकडे बहुतेक मशिनींना दोन पिच येतात. तीन रिबिटांतले अंतर साधारण साडेसोळा मिलिमीटर भरले तर पिच .३२५ इंच. १९ मिलिमीटर भरले तर पिच ३/८ इंच, म्हणजे तीन सूत. ठेकेदारांकडे अजून दिसणाऱ्या फार मोठ्या जुन्या मशिनींना .४०४ इंचाची चेन असते, तिथे अंतर साडेवीस मिलिमीटर येते. साध्या पट्टीने एवढा बारीक फरक दिसत नसेल तर अकरा रिबिटा मोजा. .३२५ च्या चेनला साडेब्याऐंशी मिलिमीटर येतील आणि ३/८ च्या चेनला ९५. हा फरक शाळेतल्या मुलाच्या फूटपट्टीवरही कळतो. जुनी चेन थोडी ताणलेली असते, म्हणून माप किंचित जास्त आले तर जवळचा आकडा धरायचा.

यात एक पोटभेद आहे. ३/८ मध्ये दोन जाती येतात. छोट्या मशिनींना ठेंगण्या दाताची आणि मोठ्या मशिनींना उंच दाताची. अंतर दोन्हींचे सारखेच, पण एकीची गरारी दुसरीला चालत नाही. म्हणून छोटी मशीन असेल तर दुकानदाराला ‘तीन सूत, ठेंगणी’ असे स्पष्ट सांगा.

दुसरा गुण म्हणजे गेज, ओढकडीची जाडी. ही जाडी आणि पट्टीच्या खाचेची रुंदी यांचा मेळ बसायला हवा. गेज चार आहेत, १.१, १.३, १.५ आणि १.६ मिलिमीटर. इंचात सांगायचे तर .०४३, .०५०, .०५८ आणि .०६३. एकापासून दुसऱ्याचा फरक नखाएवढाही नाही, डोळ्यांनी तो दिसत नाही. त्यासाठी व्हर्नियर लागते. ट्रॅक्टर दुरुस्तीच्या किंवा लेथच्या कोणत्याही दुकानात ती असते, दोन मिनिटांचे काम आहे.

तिसरा गुण म्हणजे ओढकड्यांची संख्या. खडूने एका कडीवर खूण करा आणि पुन्हा खुणेपर्यंत मोजत या. इंच सांगून भागत नाही ते इथेच. चौदा इंची पट्टी घ्या. एका जर्मन कंपनीच्या, म्हणजे स्टिलच्या छोट्या मशिनीवर त्या पट्टीला ५० कड्यांची चेन लागते. दुसऱ्या बऱ्याच मशिनींवर चौदा इंचालाच ५२ कड्या लागतात. दोन कड्या कमी झाल्या तर चेन चढतच नाही, दोन जास्त झाल्या तर ताण बसत नाही. बाजारात सर्वत्र मिळणाऱ्या ५२ किंवा ५८ सीसीच्या चिनी मशिनींना अठरा इंचाला बहुधा ७२ आणि वीस इंचाला ७६ कड्या असतात. तरी ‘बहुधा’वर विसंबू नका. मोजा.

बऱ्याचदा हे आकडे पट्टीच्या मागच्या भागावर कोरलेले असतात. माती आणि तेलाचा थर रॉकेलच्या फडक्याने पुसला की दिसतात. चेनवरही खुणा असतात. ओरेगॉन कंपनीच्या ओढकडीवर ९१ असेल तर ती ठेंगणी ३/८, १.३ मिलिमीटर. २१ असेल तर .३२५ आणि १.५. ७३ असेल तर मोठी ३/८ आणि १.५. स्टिलच्या ओढकडीवर एकच आकडा असतो. १ म्हणजे १.१ मिलिमीटर, ३ म्हणजे १.३, ५ म्हणजे १.५, ६ म्हणजे १.६. पण मशीन पंधरा-वीस वर्षांची झाली, तीन हातांतून फिरली, की पट्टीवरचा आकडा घासून जातो आणि चेन मूळची राहिलेली नसते. खरी अडचण तिथून सुरू होते.

माझ्याकडून चूक झाली ती अशाच मशिनीवर. आमच्या शेजारच्या खेड्यातले एक काका झाडतोडीची मजुरी करायचे. त्यांनी कुणाकडून तरी जुनी मशीन घेतली होती. चेन तुटून गेलेली, पट्टीवर आकडा नाही. ते म्हणाले, ‘याले चालंल अशी कोनतीबी चेन दे ना भाऊ, उद्या सकाळी बाभळी पाडाच्या हायेत.’ गरारीवरून पिच मी बरोबर ओळखला. पट्टीभोवती सुतळी फिरवून कड्यांचा हिशेब केला, तोही बरोबर आला. राहिले गेज. दुकानात १.३ ची चेन होती. ती खाचेत घालून पाहिली, सहज बसली. मी म्हटले, झाले काम. सहज बसली, हीच तर धोक्याची खूण होती. पट्टी १.५ ची होती आणि वर्षानुवर्षे झिजून तिची खाच आणखी रुंद झाली होती. बारीक चेन त्या खाचेत एका अंगाला कलून धावत होती.

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या बाभळीवर चेन खाचेतून निसटली. चेन निसटली की ती चाबकासारखी मागे येते. तिला अडवायला मशिनीच्या खालच्या बाजूला एक छोटी खुंटी असते, तिला कॅचर म्हणतात. या मशिनीची ती खुंटी केव्हाच तुटली होती आणि मीही ती पाहिली नव्हती. चेन काकांच्या उजव्या हातावर बसली. बोटे वाचली, पण दोन बोटे आता मिटत नाहीत. ज्याचे पोट हातावर आहे त्याच्या दोन बोटांची किंमत काय, ते मी सांगायला नको. काकांनी मला कधी बोल लावला नाही. ‘मशीनच जुनी होती’ असे तेच मला समजावत होते. पण व्हर्नियर माझ्या खणात होती आणि ती मी बाहेर काढली नव्हती.

तेव्हापासून मी एक नियम पाळतो. झिजलेल्या पट्टीच्या खाचेवरून गेज ठरवायचे नाही. जुनी चेन, निदान तिचा तुकडा, आणायला सांगायचा आणि ओढकडीची जाडी मोजायची, कारण खाच रुंदावते तशी ओढकडी जाड होत नाही. तुकडाही नसेल तर चेन एकटी विकायचीच नाही. पट्टी आणि चेन दोन्ही नवी, एका मापाची द्यायची. गिऱ्हाईक कुरकुर करते, पण मी ऐकत नाही.

पट्टी संपली आहे की नाही, हे घरीही पाहता येते. चेन पट्टीवर चढवलेली असताना एक सरळ फूटपट्टी पट्टीच्या अंगाला आणि चेनच्या दाताला टेकवून उभी धरा. फूटपट्टी आणि पट्टी यांच्यात थोडी फट दिसली तर खाच ठीक आहे. फट नसेल आणि चेन बाजूला लवत असेल, तर खाच गेली. दुसरी खूण म्हणजे खाच इतकी उथळ होते की ओढकडीचे टोक तळाला घासू लागते. अशी पट्टी घासून, ठोकून वापरू नका. काही लोक खाचेच्या कडा हातोडीने दाबून घेतात. दोन दिवस बरे चालते, मग चेन उडते. पट्टीचे आयुष्य वाढवायचे असेल तर चेनला कानस लावाल तेव्हा पट्टी उलटी करून बसवा, म्हणजे दोन्ही कडा सारख्या झिजतील. खाचेतला भुसा आणि तेलाचे भोक पातळ तारेने साफ ठेवा.

नवी पट्टी घेताना जुनी पट्टी सोबत न्या आणि एकावर एक ठेवून पाहा. बोल्टची खाच, ताण देणाऱ्या खिळीचे भोक आणि तेलाचे भोक, तिन्ही जागच्या जागी हवीत. तेलाचे भोक दोन सूत इकडे-तिकडे असले तरी पट्टी बसते, मशीन चालते, फक्त तेल पोचत नाही. तासाभरात पट्टी निळी पडते. पट्टीच्या नाकाला छोटी चकरी असेल तर तिचा पिच चेनचाच हवा. म्हणजे मागची गरारी, पुढची चकरी आणि चेन, तिघांची चाल एक. गरारीवर चेनने पाडलेले खड्डे नखाला जाणवण्याइतके खोल, साधारण अर्धा मिलिमीटर झाले, तर गरारीही बदला. दोन चेनमागे एक गरारी, असा ढोबळ हिशेब ठेवावा. जुन्या गरारीवर नवी चेन घातली तर पैसे पाण्यात.

लांबीच्या बाबतीत लोकांचा हट्ट उलटा असतो. ‘मशीन जुनी हाय, तर मोठी पट्टी टाकून दे.’ जुन्या इंजिनाचा दम कमी झालेला असतो. त्याला लांब पट्टी म्हणजे म्हाताऱ्या बैलाला मोठा नांगर. मूळ मापापेक्षा दोन इंच आखूड पट्टी खुशाल घाला, मशीन हलकी चालेल. मोठी मात्र घालू नका.

दातांचेही प्रकार आहेत. टोकदार चौकोनी कोपऱ्याचा दात ओल्या, स्वच्छ लाकडात झपाट्याने चालतो, पण लवकर बोथट होतो. गोल कोपऱ्याचा दात थोडा सावकाश कापतो, पण धूळ-माती सोसतो. आपल्याकडची बाभूळ कठीण, वाळलेली, बुंध्याला काळ्या मातीचा लेप. आपल्याला गोल कोपऱ्याचाच दात बरा. आणि कापण्याआधी बुंध्याची माती कुऱ्हाडीच्या पात्याने खरवडून टाका. धुऱ्यावरच्या झाडात जुनी काटेरी तार गिळलेली असते, देवळाजवळच्या लिंबात खिळे असतात. एका खिळ्याने सगळी चेन जाते.

चेनला धार आहे की नाही ते लाकडाचा चुरा सांगतो. खपल्या पडत असतील तर धार आहे. पिठासारखा भुसा पडत असेल तर थांबा, जोर लावू नका. कानसही मापाची लागते. ठेंगण्या ३/८ ला ४ मिलिमीटरची गोल कानस, .३२५ ला ४.८ ची. दात आतून बाहेरच्या दिशेने घासायचा, सगळे दात सारख्या लांबीचे राहिले पाहिजेत. एका बाजूचे दात आखूड झाले की काप वाकडा जातो, आणि माणूस पट्टीला दोष देतो.

तेलाची एक गोष्ट राहिली. ट्रॅक्टरचे जळके ऑइल चेनच्या टाकीत ओतायची आपल्याकडे सर्रास पद्धत आहे. फुकटचे वाटते, पण त्यात लोखंडाचा बारीक कीस असतो. तो खाचेला कानशीसारखा घासतो आणि उरलेले तेल शेतात जाते. स्वच्छ तेल वापरा. चेनचा ताण थंड असताना द्यावा. हाताने ओढली की चेन थोडी उचलावी, सोडली की आपणहून खाचेत बसावी. काम संपल्यावर ताण सैल करावा, कारण तापलेली चेन निवताना आखडते.

आता रिबिटीबद्दल. बऱ्याच दुकानांत चेन लांब गुंडाळीतून मोजून तोडतात आणि जोड मारतात. जोड मारायचे हत्यार वेगळे असते. खिळा आणि हातोडी वापरून मारलेला जोड मला कुणी फुकट दिला तरी मी घेणार नाही. तुटलेल्या चेनचा तुकडा बंदुकीच्या गोळीसारखा उडतो. म्हणून चेन ज्या रेषेत धावते त्या रेषेत कुणीही उभे राहू नये, मुले तर नाहीच. मशीन सुरू करण्याआधी खालची कॅचरची खुंटी आहे का, पुढच्या हाताजवळचा ब्रेक लागतो का, ते रोज पाहा. फार जुन्या मशिनींना हा ब्रेक मुळातच नसतो. पट्टीच्या नाकाचा वरचा भाग लाकडाला टेकला की मशीन उसळून थेट तोंडावर येते, आणि तेव्हा ब्रेकच माणसाला वाचवतो. अशा मशिनीला नवी चेन मागायला कुणी आले, तर मी चेन देत नाही. मशीन भंगारात घाला असे सांगतो. एक गिऱ्हाईक जाते, जाऊ द्या.

जाता जाता एक सांगतो. सागवान, आंबा, मोह, चिंच अशी काही झाडे आपल्या स्वतःच्या शेतात असली, तरी तोडायला परवानगी लागते. १९६४ चा वृक्षतोडीचा कायदा आहे. चेन चढवण्याआधी तेवढी चौकशी करावी.

मशीन घरी आणली की तिच्या झाकणाच्या आतल्या बाजूला रंगाने तीन आकडे लिहून ठेवा, पिच, गेज आणि कड्या. दहा वर्षांनी मुलगा चेन आणायला गेला, तर त्याला विचारावे लागणार नाही. आमच्या काकांच्या मशिनीवर ते आकडे मी स्वतः लिहिले आहेत. ती मशीन आता त्यांचा मुलगा चालवतो, नवी पट्टी, नवी चेन, नवा कॅचर लावून. हंगाम सुरू व्हायच्या आधी तो दुकानात येतो. सोबत काका येतात आणि ओट्यावर बसतात. मी व्हर्नियर काढून ओढकडी मोजेपर्यंत ते चहाला हात लावत नाहीत.

(नभोवाणीवरील भाषणावरून संपादित)